सापळ्यात नुसते नरच का येतात? बोंडअळीचा पतंग, त्याचं नाक आणि बांधावरचा वाद

दुधनाकाठ

सेलू तालुक्यात आमची कपाशी आहे. यंदा शेंदरी (गुलाबी) बोंडअळीच्या पतंगांसाठी कामगंध सापळे लावलेत, वासानं पाखरं ओढणारे, नरसाळ्याचे, खाली प्लास्टिकची पिशवी असलेले. सकाळी पिशवीत करड्या रंगाची बारकी पाखरं पडलेली असतात, नखाएवढीसुद्धा नाहीत. बांधाला बांध असलेले आबा रोज येऊन पिशवी चाचपतात आणि त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकवतात: "तू साऱ्या शिवारातली पाखरं गोळा करायलास. अळी मात्र माझ्या पऱ्हाटीवर पडणार."

कृषी सहायकांनी सांगितलं होतं की यात फक्त नर येतात. ते आबांना सांगितलं, तर म्हणाले, "नर आला की मागं मादी येतीच." यावर मला उत्तर सुचेना. मी इतिहास शिकवतो, किडे हा माझा प्रांत नाही. शेंदरी बोंडअळीचं एवढं वाचलंय की तिची पहिली शास्त्रीय नोंद १८४० च्या दशकात आपल्याच भडोचच्या कपाशीवरून झाली. म्हणजे ही काही बीटी बियाण्याबरोबर आलेली पाहुणी नव्हे. पण ती एकमेकांना कशी शोधतात, हे कुठं नीट सापडलं नाही.

तर जाणकारांना विचारतो. सापळ्यात वासाचं जे रबर अडकवतात, ज्याला ल्यूर म्हणतात, त्यात असतं काय? अंधारात, वाऱ्यात, एवढ्या मोठ्या शिवारात नराला ते कळतं कसं? किती लांबून येतो? आणि माझ्या सापळ्यानं आबांचं खरंच नुकसान होतं का?

मानवतचा_गडी

सर, सापळ्याचं मला सांगू नका. २०१७ ला मी बी लावले होते. पिशव्या भरायल्या होत्या, मी खूश. दसऱ्यानंतर बोंडं फोडून बघितली तर आत गुलाबी अळी अन् सरकी पोखरलेली. वेचणीला बाया यायला तयार नाहीत, अर्धा कापूस कवडी, म्हंजी किडका-डागी, निघाला. पाखरं पकडून अळी थांबत असती तर आम्ही कशाला रडलो असतो? सापळा म्हणजे दुकानदाराचा धंदा हाय.

नांदेडची_मास्तरीण

मानवतकर, तुमचा राग समजतो. पण तुम्ही सापळ्याकडून जे काम मागितलं ते त्याचं नव्हतंच. त्यावर शेवटी येते, आधी सरांचे प्रश्न. मी बारावीला प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बहुतेक पतंगांत हाक मादी देते. आवाजानं नाही, वासानं. रात्री ठरावीक वेळी ती पानावर किंवा फांदीवर बसते, पोटाचं टोक बाहेर काढते आणि तिथल्या ग्रंथीतून अगदी सूक्ष्म प्रमाणात एक द्रव्य हवेत सोडते. ती स्वतः फारशी हलत नाही. शोधायचं काम नराचं.

नराचं नाक म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या शृंगिका, आपण मिशा म्हणतो त्या. रेशमाच्या किंवा टसरच्या पतंगाचा नर पाहा: शृंगिका पिसासारख्या पसरट. एकेका शृंगिकेवर हजारो बारीक केस असतात. रेशमाच्या नरात फक्त मादीचा वास ओळखणारे असे केस एका शृंगिकेवर सुमारे १७,००० आहेत. केसाला भोकं असतात. वासाचा रेणू त्या भोकातून आत शिरतो, आतल्या द्रवातलं एक प्रथिन त्याला उचलून चेतापेशीपर्यंत नेतं आणि तिथं संदेश उमटतो. काइसलिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलंय की रेशीमपतंगाच्या नरात एक चेतापेशी पेटायला एक रेणू पुरतो. नर हलायला मात्र एक रेणू पुरत नाही, सेकंदाला शेदोनशे तरी आदळावे लागतात.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. वास ओळखणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो लगेच पुसून टाकणंही. केसाच्या आतल्या द्रवात त्या रेणूला झपाट्यानं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. ती नसती तर एकदा आलेला वास नराच्या नाकात घुमत राहिला असता आणि तो संपला कधी हे त्याला कळलंच नसतं. "आत्ता आहे, आत्ता नाही" हे कळणं हाच त्याचा रस्ता आहे. तो कसा, ते कुणीतरी रात्री हिंडणाऱ्यानं सांगावं.

मिरची_भजी

वासावर जीव ओवाळून टाकणारे आमच्या हॉस्टेललाही होते ताई. मेसमध्ये मटण असलं की तीन मजले खाली. बाकी चालू द्या, वाचतोय.

तुतीवाला

बीड जिल्ह्यात माझी तुती आहे, म्हणून यात तोंड घालतो. गंमत म्हणजे रेशीम करणाऱ्या आम्हा लोकांना पतंग बघायलाच मिळत नाही. अंडीपुंज बाहेरून येतात, अळ्या वाढवायच्या, चंद्रिकेवर (कोष विणायच्या चौकटीवर) चढवायच्या, कोष झाले की पतंग बाहेर पडायच्या आत विकून टाकायचे. कोष फुटला तर धागा तुटला, भाव गेला. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, २०१८ ला जालन्यात बाजार सुरू झाला तेव्हापासून सोय झाली.

पण पोरांना दाखवायला म्हणून काही कोष मी मुद्दाम ठेवतो. पतंग पहाटे निघतात. मादी जाडजूड, जागची हलत नाही, पोटाच्या टोकाला पिवळसर फुगे काढून बसते. नर तिच्यापासून हात-दीड हात लांब ठेवला की आधी गप्प असतो, मग एकदम पंख फडफडवत चालायला लागतो. उडत नाही, हजारो वर्षं माणसानं पाळून त्याचं उडणं गेलंय. गोल गोल घिरट्या, नागमोडी चाल, आणि शेवटी बरोबर तिच्यापाशी. मादी काचेच्या बरणीत घालून झाकण गच्च लावलं तर समोर दिसत असूनही नर ढिम्म. आणि मादी उचलून घेतली तरी ती जिथं बसली होती त्या कागदाभोवती तो फडफडत राहतो. म्हणजे डोळ्याला काही किंमतच नाही.

रेशीम अधिकाऱ्यांनी सांगितलं की ते फडफडणं उडण्यासाठी नसतं, पंखांनी समोरची हवा मिशांवर ओढून घेतात.

बेंझीन

वा, तुतीवाले! तुम्ही पोरांना जे दाखवता त्याच पतंगावर या सगळ्या विषयाचा पाया घातला गेलाय.

आडोल्फ बुटेनांट हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९ चं नोबेल त्यांना मिळालं होतं. पतंगाच्या मादीचं ते द्रव्य शुद्ध काढायचं असं त्यांनी ठरवलं, आणि रेशीमपतंग निवडला कारण तो लाखांनी मिळतो. सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी, जवळजवळ वीस वर्षं, आणि हाती आलं जेमतेम काही मिलिग्रॅम. १९५९ मध्ये त्याची रचना जाहीर झाली. नाव ठेवलं बॉम्बिकॉल. त्याच वर्षी कार्लसन आणि ल्युशर यांनी अशा द्रव्यांसाठी 'फेरोमोन' हा शब्द मांडला. आज आपण दुकानात जाऊन "ल्यूर द्या" म्हणतो त्याच्या मागं हे आहे.

आता बोंडअळीकडं. हिच्या बाबतीत रसायनवाल्यांची चांगलीच फजिती झाली. १९६६ मध्ये अमेरिकेत एक रेणू "हाच तो" म्हणून प्रसिद्ध झाला, पण प्रयोगशाळेत बनवून शेतात नेला तर नर फिरकेनात. खरं उत्तर १९७३ मध्ये आलं: हा एक रेणू नाहीच, दोन आहेत, साधारण निम्मे-निम्मे. दोन्हीत सोळा कार्बनची तीच साखळी, तेच अणू, तितकेच अणू. फरक एवढाच की साखळीतल्या एका दुहेरी बंधाशी एक रेणू एका बाजूला वाकलाय, दुसरा दुसऱ्या. नर एवढ्यावर अडून बसतो. एकच दिला तर जवळपास दुर्लक्ष, दोन्ही योग्य प्रमाणात दिले तर धावत येतो. या मिश्रणाला गॉसिप्ल्युअर म्हणतात. तुमच्या सापळ्यातल्या रबरात तेच मुरवलेलं असतं आणि ते हळूहळू सुटत राहतं.

हरभऱ्यावरची घाटेअळी घ्या. तिच्यातही दोन मुख्य द्रव्यं, पण प्रमाण साधारण ९७ ला ३. ते तीन टक्के काढून टाका, नराचं लक्ष उडालं. शेजारी शेजारी वीस जातींचे पतंग एकाच रात्री हाका देत असतात, तरी घोळ होत नाही, तो या प्रमाणांमुळं आणि प्रत्येकीच्या वेळेमुळं.

निशाचर

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास पावसाळ्यात पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांचे फोटो काढतो. "रात्री हिंडणाऱ्यानं सांगावं" म्हटलंय म्हणून लिहितो.

सरांचा प्रश्न, किती लांबून. नेटवर ११ किलोमीटरचा आकडा सारखा फिरतो. माझं मत विचाराल तर तो विसरा. नर लांबून आला याचा अर्थ त्याला तितक्या लांबून वास आला असा होत नाही. तो रात्रभर इकडंतिकडं उडत असतोच, वाटेत कुठंतरी वासाची तार लागते आणि तिथून पुढं तो सरळ येतो. बोंडअळीसारख्या चिमुकल्या पतंगाच्या बाबतीत दहा-वीस मीटरपासून फार तर शेकड्यांत, तेही वारा कसा आहे त्यावर. वाऱ्याच्या वरच्या बाजूचा नर सापळ्यापासून चार पावलांवर असला तरी त्याला काही कळत नाही.

आता तो येतो कसा. आपल्याला वाटतं की जवळ जावं तसा वास वाढत जात असेल आणि नर वाढत्या वासाकडं जात असेल. तसं नाही. मोकळ्या हवेत वारा वासाचे तुकडे करतो. मध्ये वास, मध्ये काहीच नाही, पुन्हा एक तुकडा. नराचा नियम साधा आहे: वास लागला की वाऱ्याच्या तोंडाकडं झेप, वास तुटला की पुढं जाणं थांबवून डावी-उजवीकडं आडवं उडायचं, पुन्हा तुकडा लागेपर्यंत. ताई म्हणाल्या ते विकर इथं कामाला येतं, कारण वास तुटला हे क्षणात कळलं तरच आडवं वळता येतं. सलग, न तुटणाऱ्या वासाच्या ढगात ठेवलेला नर उलट गोंधळतो, पुढं जाईनासा होतो.

पण हवेत तरंगणाऱ्याला वारा कुठून येतोय हे कसं कळणार? यावर एक फार सुंदर प्रयोग आहे. १९७४ मध्ये केनेडी आणि मार्श यांनी वाऱ्याच्या बोगद्यात नर सोडले आणि बोगद्याची पट्ट्यापट्ट्यांची जमीन खालून सरकवली. जमीन सरकवून त्यांनी पतंगाचा वेग हवा तसा बदलला. म्हणजे खालची जमीन कशी सरकते हे डोळ्यांनी बघून नर वाऱ्याची दिशा ठरवतो. तुतीवाले, तुमच्या चालणाऱ्या पतंगाला डोळ्याची गरज नाही, उडणाऱ्याला आहे, अंधारातसुद्धा. आणि त्या प्रयोगातला पतंग कुठला माहितीय? घरात पीठ, शेंगदाणे, सुकामेवा नासवणारा, आपल्या डब्यांत जाळी करून बसणाराच.

लातूरची_सून

निशाचर, मग दिव्यावर जी येतात ती पण नरच का? आमच्या सासूबाई दिव्याखाली पाण्याची घमेली ठेवायच्या. आणि अमावास्येला पाखरं अंडी घालतात म्हणून मामंजी अमावास्या धरूनच फवारायचे, ते खरं की उगंच?

निशाचर

दिव्यावर नर-मादी दोन्ही येतात, शिवाय शेतीला मदत करणारे किडेही येऊन मरतात. त्याचा मीलनाशी संबंध नाही. अमावास्येचं अगदीच उगंच म्हणवत नाही. चांदण्यात प्रकाशसापळ्यात पाखरं कमी येतात हे खूप ठिकाणी दिसलंय, आणि काळोख्या रात्री त्यांची हालचाल जास्त दिसते. पण कॅलेंडर बघून फवारण्यापेक्षा शेतात बघून फवारलेलं बरं. आणि शेतात बघायचं साधन सरांच्या पिशवीत आहेच.

आणखी एक, फाब्र नावाच्या फ्रेंच माणसाचं. त्याच्या घरी एका सकाळी मोठ्या मोरपतंगाची मादी कोषातून निघाली, त्यानं ती जाळीखाली ठेवली. रात्री खिडकीतून चाळीसेक नर घरात. हवाबंद डबीत मादी ठेवली की एकही नाही. तुतीवाल्यांच्या बरणीसारखंच. मग त्यानं खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास केला, म्हटलं आता नर चुकतील. चुकले नाहीत. तेव्हा त्याला प्रश्न पडला की हा वास आहे तरी कसला. नराच्या नाकातले मादीचा वास ओळखणारे केस डांबरासारख्या दर्पाला दादच देत नाहीत, हे कळायला पुढं कित्येक दशकं जावी लागली.

मानवतचा_गडी

वाचलं समदं. भारी हाय. पण माझा प्रश्न तसाच. नर एवढे मेले तर माद्या वांझ का राहिल्या नाहीत?

नांदेडची_मास्तरीण

कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले साठ-सत्तर पकडले तरी उरलेले काम भागवतात. त्यात शेतात खऱ्या माद्या जितक्या जास्त, तितकी तुमच्या ल्यूरची हाक त्यांच्यात हरवते. आणि तिसरं, शेजारच्या रानात किंवा जिनिंगच्या आवारात मीलन होऊन आलेली मादी थेट अंडी घालते, तिला तुमच्या सापळ्याशी घेणं-देणंच नाही.

मग सापळा कशाला? वेळ कळायला. बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते, भोक बुजतं, त्यानंतर वरून काहीही फवारा, तिला लागत नाही. तुमच्या हातात फक्त पतंग आणि अंड्याचे चार-पाच दिवस असतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी समजा असं शिफारशीत असतं. त्याबरोबर डोमकळ्या (आत अळी असल्यानं नीट न उमललेली फुलं) बघायच्या, वीस हिरवी बोंडं फोडायची. नजर ठेवायला हेक्टरी पाच सापळे पुरतात. २०१७ ला तुमच्या पिशव्या भरल्या तेव्हा त्या ओरडून सांगत होत्या, पण ते ऐकायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, माझा राग त्याच्यावर आहे.

बेंझीन

मास्तरीणबाईंशी सहमत. पण नराचं नाक वापरून कीड खरोखर आटोक्यात आणायचा एक रस्ता आहे, तो पकडण्याचा नाही, गोंधळ घालण्याचा. तेच गॉसिप्ल्युअर सुटत राहील अशा दोऱ्या किंवा पेस्टचे ठिपके शेतभर झाडांवर लावतात. जत्रेत प्रत्येक दुकानावर एकच गाणं वाजत असेल तर आपल्या माणसाची हाक ओळखू येईल का? नर भिरभिरत राहतो, मादी बसून राहते. अमेरिकेत यासाठी गॉसिप्ल्युअरला १९७८ मध्येच परवानगी मिळाली. पुढं तिथं बीटी कपाशी, नसबंद केलेले पतंग विमानातून सोडणं आणि हे गोंधळतंत्र एकत्र वापरून २०१८ मध्ये शेंदरी बोंडअळी कपाशीच्या पट्ट्यातून संपल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडं हेही तंत्र आलंय. अडचण एकच: एका एकरात करून उपयोग नाही. बाहेरून मीलन झालेल्या माद्या येणार. गाव शिवार मिळून करायला लागतं, आणि फरदड ठेवणारा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवणारा, एक जरी निघाला तरी डिसेंबरनंतर अळीची सोय झालीच.

दुधनाकाठ

म्हणजे आबांना उत्तर असं: माझा सापळा वाऱ्याच्या खालच्या अंगाचे नर ओढतो, मादी ओढत नाही, नर अंडी घालत नाही. त्यांच्या रानातले नर माझ्या पिशवीत पडत असतील तर झाला तर त्यांना फायदाच. "नर आला की मागं मादी" हे उलटं आहे, मादी बसते आणि मागं नर येतो. बरोबर?

निशाचर

बरोबर. मात्र सापळा अगदी बांधावर नको, रानात आत घ्या. भांडणही मिटेल आणि आकडाही तुमच्याच शेताचा मिळेल. उंची शेंड्याच्या वर अर्धा ते एक फूट, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा.

अंबडकर

उशिरा आलो. आमच्याकडं कपाशीत तुरीच्या ओळी आहेत. एकाच सापळ्यात बोंडअळीची आणि घाटेअळीची अशा दोन्ही ल्यूर अडकवल्या तर पैसे वाचतील का? मक्यातल्या लष्करी अळीचीही एक आणलीय.

बेंझीन

अजिबात नको. वर प्रमाणाचं लिहिलं ते इथं लागू होतं. नराच्या नाकात स्वतःच्या मादीचा वास ओळखणाऱ्या पेशींबरोबर परक्या जातीचा वास ओळखणाऱ्याही पेशी असतात, आणि त्या पेटल्या की तो येता येता मागं फिरतो. दोन ल्यूर एकत्र म्हणजे सापळाच रिकामा राहण्याची शक्यता. प्रत्येक किडीला वेगळा सापळा, मध्ये अंतर, आणि एक ल्यूर हाताळल्यावर हात धुऊन किंवा मोजा बदलूनच दुसरी. तंबाखू मळलेल्या हातानं तर नकोच. पाकिटावर मुदत असते, तीन-चार आठवड्यांनी बदला, जुनी रानात फेकू नका, ती तिथं पडूनही वास सोडत राहते.

लष्करी अळीच्या ल्यूरबद्दल एक सांगतो, उपयोग शून्य आहे पण राहवत नाही. तिच्या मादीच्या मिश्रणात जे दुसरं द्रव्य आहे, तंतोतंत तोच रेणू आशियाई हत्तिणीच्या मूत्रात माजाच्या काळात सापडतो आणि हत्ती त्यावरून तिला ओळखतो. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मिरची_भजी

अंबडकर, मक्यातला सापळा जरा मजबूत बांधा मग.

अंबडकर

सागाचा डांब रोवलाय. तुरीसाठी उद्या वेगळा सापळा आणतो. हेक्टरी पाच हा हिशोब तुरीलाही तोच धरू का?

नांदेडची_मास्तरीण

हो, घाटेअळीवर नजर ठेवायला तुरीतही हेक्टरी पाच धरा. तूर कळीला यायच्या आधी लावा, फुलं दिसल्यावर नको.